सत्त्याऐंशीव्या हिश्शाची रेल्वे

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी, गंजलेले पाने आणि बंद पडलेले रेडिओ यांच्या ढिगात मला एक इंजिन सापडलं. काळं, सहा चाकांचं, तळहातावर मावेल एवढं. एका बाजूची शिडी तुटलेली, धुराड्याचा रंग उडालेला. विक्रेता म्हणाला, “चालत नाही साहेब. शोकेसला बरं दिसेल.” घरी आणून बारा व्होल्टचा पुरवठा जोडला. मोटार गुणगुणली, पोटातून गरम वास आला, पण चाकं जागची हलली नाहीत.

इंजिन उलटं करून दिव्याखाली धरलं आणि भिंगातून पाहिलं. मधल्या आसाभोवती एक लांब दोरा घट्ट गुंडाळला गेला होता. सतरंजीचा असावा. दातेरी चक्रांमधलं तेल वाळून तव्याच्या कडेच्या किटणासारखं झालं होतं. शिवणाची सुई आणि चिमटा घेऊन बसलो. दोरा तुकड्यातुकड्यानं निघाला. किटण काडीनं खरवडलं, चक्रं पुसली, सुईच्या टोकावर मावेल इतकंच नवं तेल दिलं. दोन तासांनी ते इंजिन फूटभर रुळावर आधी आचके देत आणि मग सावकाश, न अडखळता चालू लागलं. त्याचं काहीही मोडलेलं नव्हतं. कित्येक वर्षांत त्याला कुणी उलटं करून पाहिलं नव्हतं, एवढंच.

हे पुस्तक त्या रात्री सुरू झालं असं मी मानतो. छोट्या आगगाड्या जमवणं, त्या चालत्या ठेवणं आणि त्यांच्यात आपल्याला हवे ते बदल करणं हा या पुस्तकाचा विषय आहे. ही तीन कामं वेगवेगळी वाटतात. बाजारातली पुस्तकंही ती वेगळी करून शिकवतात. इतक्या वर्षांनंतर मला मात्र तिन्हींच्या तळाशी एकच गोष्ट दिसते. ती म्हणजे निरखणं. जो निरखतो त्याचा संग्रह अर्थपूर्ण होतो, त्याच्या गाड्या चालत राहतात आणि त्यानं केलेला बदल खरा वाटतो. बाकीचं सगळं, म्हणजे हत्यारं, रंग, तारा आणि पैसा, या निरखण्याच्या मागून येतं.

या छंदाचं मूळ शोधत गेलं की आपण एका ओळखीच्या खेळापाशी पोचतो. जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावी १८५९ साली सुरू झालेली मेर्कलिन ही कंपनी आधी पत्र्याची भातुकली बनवत असे. बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी करणाऱ्या या घराण्यानं १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत चावीची आगगाडी मांडली. गाडी लोकांना आवडलीच, पण खरी नवलाई रुळांची होती. रुळांमधल्या अंतराची ठरावीक मापं असतील आणि त्या मापांची गाडी, डबे, सांधे पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही मिळत राहतील, असा तो विचार होता. तोवरची खेळण्यातली गाडी एकदा घेतली की संपायची. मापं ठरल्यामुळे ती वाढवता येऊ लागली. इंजिनाला डबे आले, डब्यांना स्टेशन आलं, स्टेशनाला गाव आलं. जमवण्याच्या छंदाचा जन्म त्या मापांत आहे.

त्या मापांना एक, दोन, तीन असे आकडे होते. पुढे एकाहून लहान माप हवं झालं, तेव्हा त्याला शून्य म्हटलं गेलं. शून्याच्या निम्मं ते ‘एचओ’, म्हणजे अर्धं शून्य. इंग्रजी बोलणारे त्या शून्याला ‘ओ’ म्हणतात, जर्मन अजून ‘नुल’ म्हणजे शून्यच म्हणतात. १९३५च्या सुमारास टेबलावर मावणाऱ्या विजेच्या गाड्या आल्या आणि हे अर्धं शून्य हळूहळू जगभर पसरलं. त्यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी असते आणि रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असतं. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली मेकॅनोचं पेटंट घेतलं होतं. त्यांच्या कंपनीनं १९२०पासून गाड्या काढल्या आणि १९३८ साली हॉर्नबी डब्लो हा टेबलावरचा संच आणला. आपल्याकडच्या काही घरांत मेकॅनोची पेटी होती. पट्ट्या आणि नटबोल्टच्या त्या पेटीचं आगगाडीशी असलेलं हे नातं मला फार उशिरा कळलं.

पण आपल्याला हे सगळं अगदीच परकं नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करणारं मराठी मूल हेच काम करत असतं. पोत्यावर चिखल थापून डोंगर होतो, मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवते, पुठ्ठ्याच्या नळीचा भुयारी मार्ग होतो आणि मावळे त्यांच्या मापाच्या पायऱ्यांवर उभे राहतात. अळीव का पेरायचं, गहू का नाही, याचं उत्तर त्या मुलाला ठाऊक असतं. गव्हाचे कोंब त्या किल्ल्यावर झाडांएवढे दिसतील. प्रमाण म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. गणपतीतले हलते देखावे करणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही मोटार, पट्टा आणि दिवे यांची भाषा येते. आणि पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून आहेच. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांना या छंदाची पहिली बाधा तिथेच, गर्दीत टाचा उंचावून पाहताना झाली.

प्रमाणाच्या या गणितावर मी पुस्तकातलं एक पूर्ण प्रकरण खर्च केलं आहे, कारण ते कळलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप उलगडतात. लांबी सत्त्याऐंशी पटींनी कमी केली की मुंबई ते पुणे हे १९२ किलोमीटरचं अंतर सव्वादोन किलोमीटरच्या आत येतं. ते कुणाच्याच दिवाणखान्यात मावणार नाही. ब्रॉडगेजवरचं तीव्रातलं तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं धरलं, तर टेबलावर त्याला दोन मीटर त्रिज्या लागते. म्हणजे गाडी नुसती उलटी वळवायची तरी चार मीटर रुंदीची खोली हवी. संचांबरोबर मिळणारी वळणं छत्तीस सेंटिमीटर त्रिज्येची असतात आणि त्यावर लांब डबा गेला की त्याची टोकं रुळाबाहेर लोंबतात. तेव्हा काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं. सगळा मार्ग मांडता येत नाही, म्हणून त्यातला एक तुकडा निवडायचा. मुख्य लाइन जमत नसेल तर एखाद्या साखर कारखान्याची साइडिंग घ्यावी. दोन सांधे, एक वजनकाटा, चार मालडबे. ती दीड मीटर फळीवर बसते आणि तिच्यात रोज संध्याकाळी तासभर करण्यासारखं काम असतं.

वजनाची गंमत याहून मोठी. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सत्त्याऐंशी पटींनी कमी होतात, त्यामुळे वजन साडेसहा लाख पटींनी कमी व्हायला हवं. चाळीस टनांचा प्रवासी डबा त्या हिशेबानं साठ ग्रॅमचा होतो. साठ ग्रॅमचा डबा रुळांच्या प्रत्येक जोडावर उडतो आणि वळणावर आतल्या बाजूला कलंडतो. म्हणून अमेरिकेतल्या छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेनं, जी १९३५ साली स्थापन झाली, वजनाचं एक कोष्टक दिलं आहे. त्याप्रमाणे साडेचोवीस सेंटिमीटरचा डबा सुमारे १६५ ग्रॅमचा हवा. म्हणजे डबा खरा दिसावा म्हणून सगळी मापं बरोबर ठेवायची आणि तो खऱ्यासारखा चालावा म्हणून एक माप जाणूनबुजून चुकवायचं. मी डब्यांच्या तळाला शिशाऐवजी पोलादाच्या पट्ट्या चिकटवतो. ताशी शंभर किलोमीटरची गाडी या जगात सेकंदाला बत्तीस सेंटिमीटर जाते, एवढंही लक्षात ठेवलं तर पुष्कळ झालं. बहुतेक नवखे गाडी याच्या दुप्पट वेगानं पळवतात आणि मग ती खेळण्यासारखी का दिसते याचं नवल करतात.

आता संग्रहाविषयी. जमवणाऱ्याला पहिल्या दोन वर्षांत सगळंच हवं असतं. मीही घेतलं. स्विस विजेचं इंजिन, अमेरिकन डिझेल, जपानी बुलेट ट्रेन, जे मिळेल ते. ती कपाटात एकमेकांना अनोळखी पाहुण्यांसारखी उभी राहिली. जर्मन छांदिष्ट रेल्वेच्या इतिहासाचे कालखंड पाडतात आणि आपली गाडी कुठल्या कालखंडातली हे आधी ठरवतात. ही शिस्त आपण उचलण्यासारखी आहे. डेक्कन क्वीनचंच पाहा. १ जून १९३० रोजी ती सुरू झाली तेव्हा सात सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, शेंदरी पट्ट्यांचा आणि दुसरा निळा, सोनेरी रेघांचा. आज तीच गाडी एलएचबी डब्यांची आणि हिरव्या रंगाची आहे. नाव एक, पण रंग, डबे, इंजिनं सगळं वेगळं. ‘मला डेक्कन क्वीन करायची आहे’ एवढं म्हणून भागत नाही. कुठल्या वर्षाची, हा प्रश्न विचारला की संग्रहाला कणा येतो. मग त्या वर्षीचं इंजिन, स्टेशनवरच्या पाट्या, फलाटावरचे दिवे आणि सिग्नल या सगळ्यांची निवड आपोआप होत जाते, आणि न घ्यायच्या वस्तूंची यादी घ्यायच्या वस्तूंहून लांब होते. खिशालाही ते मानवतं.

जुनी गाडी घेताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. १९२०-३०च्या दशकांतल्या कित्येक गाड्यांचे सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव होते. त्या जस्तात शिशाचा थोडाही अंश मिसळला असेल तर धातू वर्षानुवर्षं आतून फुगतो, त्याला तडे जातात आणि शेवटी तो भुसभुशीत होतो. दमट हवेत हे लवकर घडतं. त्यावर औषध नाही. म्हणून विकत घेण्याआधी सांगाडा उन्हात तिरका धरून पाहावा. कडा सरळ आहेत का, बारीक चिरा आहेत का, चाकांच्या कडा वाकल्या आहेत का. रंग परत देता येतो. सडलेला धातू परत येत नाही.

देखभालीचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब आहे आणि ते मी मुद्दाम मधोमध ठेवलं आहे. या छंदात सगळ्यात जास्त वेळ ज्यात जातो आणि ज्याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं ते हे काम. छोट्या गाडीला वीज रुळांतून चाकांवाटे मिळते. चाक आणि रूळ जिथे टेकतात तो ठिपका टाचणीच्या टोकाएवढाही नसतो. तिथे धुळीचा एक कण आला, की दिवा लुकलुकतो, इंजिन आचका देतं. आपल्याकडे मार्च ते मे धूळ आणि जून ते सप्टेंबर दमट हवा. कोकणात तर रुळावर आठवड्यात काळपट थर चढतो. मी रूळ सॅंडपेपरनं कधीच घासत नाही. त्यानं पडलेल्या ओरखड्यांत मळ दुप्पट वेगानं बसतो. सुती कापडाची घडी, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब आणि बोटाचा हलका दाब पुरतो. चाकांसाठी रुळावर ओलसर कापड पसरायचं, इंजिनाची निम्मी चाकं कापडावर आणि निम्मी रुळावर ठेवायची आणि वीज सोडायची. चाकं जागेवर फिरत कापडावर दोन काळ्या रेघा ओढतात. त्या रेघा पाहिल्या की आपण आजवर काय चालवत होतो ते कळतं.

तेल कमी द्यावं, हा एकच नियम मी लाल शाईत छापावा असा आग्रह धरला होता. छपाईच्या खर्चापायी तो काळ्यातच आहे, म्हणून इथे सांगतो. जास्त तेल मोटारीत शिरतं, धूळ ओढून घेतं आणि पुढच्या वर्षी त्याचंच किटण होतं. प्लास्टिकला न बाधणारं पातळ तेल आसांना, दाट वंगण दातेरी चक्रांना, आणि दोन्ही सुईच्या टोकानं. माझ्या चुकाही या प्रकरणात प्रामाणिकपणे लिहिल्या आहेत. नखांचा रंग काढायच्या द्रवानं एका डब्यावरचा डाग पुसायला गेलो आणि डब्याची एक बाजू मेणासारखी ओघळली. खिडकीची काच झटपट चिकटणाऱ्या गोंदानं बसवली आणि रात्रीत सगळ्या काचांवर पांढरं धुकं साचलं. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता काचा मी साध्या पांढऱ्या गोंदानं लावतो. तो सुकला की दिसतसुद्धा नाही.

यातून बदलाच्या प्रकरणाकडे येतो आणि इथे मराठी वाचकाचा मार्ग परदेशी छांदिष्टाहून वेगळा होतो. जर्मन किंवा इंग्रज माणसाला त्याच्या बालपणीची गाडी दुकानात मिळते. आपल्याला बहुधा ती घडवावी लागते. अडचण पहिल्या पावलापासून आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. सत्त्याऐंशीनं भागलं तर १९.३ मिलिमीटर येतात, आणि बाजारात मिळणारा रूळ १६.५चा, जो युरोपच्या १४३५ मिलिमीटरच्या रुळाचं बरोबर माप आहे. त्यावर सव्वातीन मीटर रुंदीचा आपला डबा ठेवला की तो पाय जवळ घेऊन उभ्या असलेल्या माणसासारखा दिसतो. हे पाहून निराश व्हायचं कारण नाही. इंग्रजांचीही हीच गत आहे. त्यांची इंजिनं लहान चणीची, त्यांत सुरुवातीच्या मोटारी मावेनात, म्हणून त्यांनी गाडी शहात्तराव्या हिश्शाएवढी मोठी केली आणि रूळ तोच ठेवला. त्यांच्यातले काटेकोर लोक स्वतः १८.८३ मिलिमीटरचे रूळ अंथरतात, बाकीचे कानाडोळा करून सुखानं गाड्या चालवतात. दोन्ही मार्ग खरे आहेत. आपण कुठला घेतो आहोत हे ठाऊक असावं, एवढंच.

आणि मग एक सुखद योगायोग समोर येतो. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं आखलेली ही ७६२ मिलिमीटरची लाइन १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. पुढे ती १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. यार्डाला तीस पौंडांचे हलके रूळ आणि प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ न देणारी इंजिनं ही तिची रचना. याच कॅलथ्रॉपनं नंतर इंग्लंडात १९०४ साली उघडलेली लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे उभारली. तिच्या इंजिनांत बार्शीचा अनुभव उतरला. इंग्रज छांदिष्ट त्या लाइनच्या प्रतिकृती प्रेमानं करतात. आता हिशेब करा. ७६२ला सत्त्याऐंशीनं भागलं तर पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि एचओहून लहान गाड्यांसाठीचा ‘एन’ मापाचा रूळ नऊ मिलिमीटरचा असतो. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे ब्रॉडगेजसाठी जे जमत नाही ते पंढरपूरच्या वारकऱ्यांना नेणाऱ्या त्या धिम्या गाडीसाठी सहज जमतं. एन मापाच्या एखाद्या इंजिनाची चाकं आणि मोटार घ्यायची आणि वर पुठ्ठ्याची किंवा पत्र्याची बार्शी लाइन उभी करायची. आज तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. जुनी लाइन परत पाहायची तर ती आपल्यालाच करावी लागेल.

ब्रॉडगेजची गाडीच हवी असणाऱ्यांसाठी डब्ल्यूडीएम-२ या आपल्या जुन्या डिझेल इंजिनाचं प्रकरण आहे. त्याचं मूळ अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं. १९६२पासून ती इंजिनं आयात झाली, नंतर वाराणसीला बनू लागली. त्यांच्या बोगीत तीन आस असतात, पण ते सारख्या अंतरावर नसतात. एक अंतर मोठं, एक लहान. रोज त्या इंजिनामागच्या डब्यात बसणाऱ्या कितीजणांनी हे पाहिलं असेल? त्याच घराण्याच्या बोगी असलेल्या अमेरिकन इंजिनाची प्रतिकृती मिळाली तर खालची बाजू जवळपास तयार मिळते. वरचं घर, बोनेट, दिवे आणि धुराडं आपण करायचं. मग शेवटचा हात धुळीचा. चाकांजवळ ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा तांबूस-तपकिरी थर, धुराड्याभोवती काजळ, शिडीच्या पायऱ्यांवर चालकाच्या बुटांनी झिजलेला रंग. खडूची पूड आणि मऊ ब्रश यांनी हे होतं. पण पूड कुठे लावायची हे फलाटावर उभं राहूनच कळतं.

विजेच्या बदलांविषयीही थोडं. पूर्वी एका रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही एकदमच धावत. १९९०च्या दशकात डिजिटल पद्धत रुळली. आता रुळांतून वीज आणि हुकूम एकत्र जातात, प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर असतो आणि त्याला स्वतःचा क्रमांक असतो. नव्या डिकोडरचा क्रमांक बहुधा तीन असतो, तो आपण आपल्या इंजिनाचा करून घ्यायचा. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं या पद्धतीमुळेच टेबलावर खरी चालवता येतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात आणि सगळ्यांचा वेग वेगवेगळा जुळवता येतो. या तारा-स्विचांच्या नादानं किती दूर जाता येतं याचं उदाहरण अमेरिकेतल्या एमआयटीचं आहे. तिथल्या रेल्वे क्लबात टेलिफोन कंपनीच्या जुन्या रिलेंनी सांधे चालवणारी मुलं पुढे संगणकाकडे वळली. संगणकाच्या जगातला ‘हॅकर’ हा शब्द त्या क्लबाच्या बोलीतून पसरला.

पण या छंदाकडून शेवटी काय मिळतं, हा प्रश्न मला कुणी विचारला तर मी रॉय इंग्लंड यांचं नाव घेतो. ऑस्ट्रेलियातून १९२५ साली इंग्लंडला आलेला हा माणूस तिथल्या खेड्यांच्या प्रेमात पडला आणि ती खेडी डोळ्यांदेखत बदलताना पाहून अस्वस्थ झाला. जुनी घरं पडत होती, छपरं बदलत होती. त्यानं ती घरं मोजली, टिपून ठेवली आणि पुठ्ठ्याची करायला घेतली. १९५४ साली त्यातून पेंडन संग्रहालय उभं राहिलं. १९३०च्या आसपासचा एक ग्रामीण टापू, त्याच्या शेतांसह, भिंतींसह आणि मधून जाणाऱ्या रेल्वेसह तिथे आहे. ज्या घरांची मापं त्यानं घेतली त्यातली काही खरी घरं आज नसतील. मापं आहेत. आपल्याकडे कितीतरी छोटी स्टेशनं, कौलारू केबिन, हातानं ओढायचे सांधे आणि तेलाच्या कंदिलांचे सिग्नल कुणीही मोजण्याआधी गेले. जे आहे ते तरी मोजून ठेवावं.

भाषेबद्दल एक शब्द. या विषयावर मराठीत लिहिताना रेल्वेच्या माणसांनी आपल्याला किती शब्द दिले आहेत ते नव्यानं जाणवलं. सांधा, सांधेवाला, बावटा, फाटक, खलाशी, लाइन क्लिअर. जिथे असा शब्द आहे तिथे तोच वापरला आहे. डिकोडर, लेआउट, कपलिंग हे शब्द जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत. हस्तलिखित वाचून चुका दाखवणाऱ्या निवृत्त लोको पायलट मित्रांचे आणि दिवाणखान्यातलं टेबल दीड वर्ष मला देऊन टाकणाऱ्या घरच्यांचे आभार शब्दांत मावणारे नाहीत.

पुस्तक क्रमानं वाचायलाच हवं असं नाही. पण काहीही विकत घेण्याआधी एक काम मात्र करा. तुम्ही नेहमी ज्या डब्यातून प्रवास करता त्याची बाहेरची एक बाजू आठवून कागदावर काढा. खिडक्या किती, दारं कुठे, संकटकाळची खिडकी कितवी, पाटी कुठे, पायऱ्या किती, दोन डब्यांमध्ये बफर आहेत की नाहीत. मी पंचवीस वर्षं रेल्वेनं प्रवास केल्यावर हे काढायला बसलो होतो आणि माझ्या चित्रात खिडक्या चुकल्या होत्या, पायऱ्या नव्हत्याच. दुसऱ्या दिवशी गाडीच्या वेळेआधी वीस मिनिटं स्टेशनवर गेलो, तो कागद घेऊन. तुम्हीही तसंच जा. कागदावरची पहिली चूक जिथे दुरुस्त कराल, तिथून पुढचं पान वाचायला घ्या.

पुणे